‘मी तर दोनच घेतो’ : वजन उतरवताना अधूनमधून पिणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठाने सकाळी चालणाऱ्यांमध्ये मला गेल्या चार वर्षांत सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : “काका, कोणती घेतली तर वजन वाढत नाही?” विचारणारा बहुधा तिशी-पस्तिशीचा असतो, वजन कमी करायला लागून त्याला जेमतेम तीन आठवडे झालेले असतात आणि उत्तरादाखल त्याला एखाद्या बाटलीचे नाव हवे असते. ते मी सांगत नाही, कारण तशी बाटली अस्तित्वात नाही. मी पेशाने हिशेबनीस आहे. डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. पन्नाशीच्या आसपास चौदा महिन्यांत सतरा किलो वजन उतरवले, ते टिकवले आणि त्या काळात शनिवारचे दोन स्मॉल सोडले नाहीत, एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे. लिहिण्याचे कारण कंटाळा हे आहे. त्याच त्या चुका, तेच ते चेहरे पाडून, तोच तो थायरॉइडवर घेतलेला संशय.

जे पीत नाहीत त्यांनी यातून काही सुरू करण्याची प्रेरणा घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही, आणि कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्य १९८८ पासूनच आहे. जे अधूनमधून घेतातच आणि सोबत वजनही उतरवू पाहतात, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे.

डोळ्यांनी मोजलेला पेग

ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती करणारा माणूस स्वतःला संयमी समजत असतो, म्हणून ती सापडतही नाही. घरी बाटलीतून ग्लासात ओतताना आपण पेग मोजत नाही, ग्लास मोजतो. रुंद बुडाच्या ग्लासात साठ मिलिलिटर मद्य तळाला चिकटल्यासारखे दिसते, त्यामुळे हात आपोआप सैल सुटतो. पहिल्या पेगनंतर तो आणखी सैल सुटतो, हे वेगळे सांगायला नको.

आधी हिशेब मांडतो. आपल्याकडच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते. याचा अर्थ ३० मिलिलिटरच्या स्मॉलमध्ये सुमारे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साखरेच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, तुपाच्या एका ग्रॅमला नऊ आणि मद्यार्काच्या एका ग्रॅमला सात. म्हणजे आपण ज्याला पाण्यासारखे पातळ समजतो ते उष्मांकाच्या बाबतीत साखरेपेक्षा तुपाच्या अधिक जवळचे आहे. स्मॉल सत्तर कॅलरींचा, ६० मिलिलिटरचा लार्ज एकशे चाळीसचा आणि १८० मिलिलिटरची क्वार्टर सव्वाचारशेची. बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण मिळते, कॅलरी मात्र सहसा मिळत नाहीत, म्हणून हे आकडे पाठ असलेले बरे.

आता प्रसंग सांगतो. कासारवडवलीला राहणारे माझे एक जुने मित्र आहेत. भात बंद, चपात्या दोनच, सकाळी पाऊण तास चालणे, असे सगळे शिस्तीत करूनही त्यांचे वजन सहा आठवडे ८८ किलोवर खिळून होते. थायरॉइडची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली. आठवड्यातून तीन संध्याकाळी ते “दोन स्मॉल” घेत आणि वहीत इमानदारीने १४० कॅलरी लिहीत. एका शनिवारी मी खिशात पेग मेजर घालून त्यांच्याकडे गेलो. रिकाम्या बाटलीत पाणी भरले आणि नेहमी ओततात तसे नेहमीच्या ग्लासात ओतायला सांगितले. पहिला स्मॉल मापात ओतून पाहिला तर ५५ मिलिलिटर भरला. दुसरा ७० भरला. मित्र म्हणाले की पाण्याचा अंदाज वेगळा असतो. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तिसराही मोजा की.” तिसरा कोणता, असे मी विचारले, तेव्हा कळले की ग्लासात बर्फ उरतो, तो वाया जाऊ नये म्हणून त्यावर थोडीशी सोडण्याची पद्धत आहे. ती ‘थोडीशी’ पंचवीस मिलिलिटर निघाली. एकूण १५० मिलिलिटर, म्हणजे पाच स्मॉल, म्हणजे साडेतीनशे कॅलरी.

एवढ्यानेच सहा आठवडे वजन अडत नाही, हेही मी त्यांना सांगितले. बाकीचे बशीत होते. मसाला शेंगदाणे आणि फरसाण यांची बशी बैठकीत तीनदा भरली जात होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते सव्वाशे ग्रॅमच्या थोडे वर गेले. शेंगदाणे काय किंवा फरसाण काय, शंभर ग्रॅमला साडेपाचशे कॅलरींच्या आगेमागेच असतात. म्हणजे एका बैठकीत चखन्याच्या सातशे कॅलरी, आणि वहीत त्यांची नोंद शून्य. दर बैठकीला मद्याच्या दोनशे आणि चखन्याच्या सातशे, अशा साधारण नऊशे कॅलरी हिशेबाबाहेर राहत होत्या. आठवड्याच्या तीन बैठकींच्या झाल्या सत्तावीसशे. रोज पाचशे कॅलरी कमी खाऊन त्यांनी आठवडाभरात साडेतीन हजारांची तूट साधली होती, त्यातली आठशे उरली. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. आठशे कॅलरींत जेमतेम शंभर ग्रॅम उतरते, आणि एवढा फरक घरच्या काट्यावर पाण्याच्या चढउतारात बुडून जातो. थायरॉइडचा काही दोष नव्हता.

यावरचा माझा उपाय मापाचा पेला, हा तर उघडच आहे. तो दीडदोनशे रुपयांत मिळतो आणि तो वापरायला लाज वाटण्याचे कारण नाही, कारण परमिट रूममधला वेटरही मोजूनच देतो आणि तिथे आपण थेंबभर कमी पडले तरी त्याच्याशी हुज्जत घालतो. पण मापावर माझा पूर्ण विश्वास नाही, कारण दुसऱ्या पेगनंतर मापही भरून वाहते. म्हणून मी बाटली उघडली की तिच्या लेबलवर मार्करने तारीख लिहितो. ७५० मिलिलिटरची बाटली बैठकीला दोन स्मॉल या हिशेबाने बारा बैठका पुरली पाहिजे. आठवड्यातून एकदा घेणाऱ्याला जवळजवळ तीन महिने. ती सहाव्या शनिवारी तळ दाखवत असेल तर तुम्ही दोन नव्हे, चार घेता. पाहुणे आले असतील तर तेही लेबलवरच लिहावे. मित्राने पहिल्यांदा तारीख लिहिली तेव्हा ती बाटली दोन आठवडेही पुरली नव्हती.

संध्याकाळसाठी दिवसभर उपाशी राहणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहिण्याचा मला हक्क आहे.

वजन उतरवायला लागून तिसरा महिना चालू होता आणि आषाढातली अमावास्या, म्हणजे आपली गटारी, रविवारी आली होती. येऊरला एका परिचितांच्या बंगल्यावर बसायचे ठरले होते. मी हिशेबनीसच असल्यामुळे मला वाटले की दिवसभराचे जेवण वाचवले तर संध्याकाळ फुकटात पडेल. सकाळपासून दोन कप कोरी कॉफी घेतली, शिवाय उपवनहून येऊरपर्यंतचा चढ भर पावसात चालत गेलो. संध्याकाळी सात वाजता पहिला लार्ज हातात आला आणि तो पंधरा मिनिटांत संपला. पोटात काही नसले की मद्य जठरात रेंगाळत नाही, ते झपाट्याने लहान आतड्यात उतरून रक्तात जाते, आणि ज्या विवेकाच्या भरवशावर आपण “आज फक्त दोन” ठरवलेले असते तोच आधी विरघळतो. पुढचे मला दुसऱ्या दिवशी वहीत लिहून काढावे लागले. चार लार्ज, सहा चिकन लॉलीपॉप, दोन बशा शेंगदाणे, मग रात्री साडेअकराला मटणाचा रस्सा, सात वडे आणि त्यावर “पोटाला बरे” म्हणून भात. बेरीज साडेतीन हजारांच्या घरात गेली. दिवसभर उपाशी राहून मी फार तर हजार वाचवले होते.

खरा घोटाळा मात्र पुढे झाला. सकाळी काट्यावर उभा राहिलो तर वजन आदल्या दिवसापेक्षा आठशे ग्रॅम कमी! मी इतका खूश झालो की उपवनच्या मंडळींना फोन करून ही युक्ती सांगितली. बुधवारी तोच काटा रविवारच्या आकड्यावर दीड किलो चढवून दाखवत होता. दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्हींचा चरबीशी फारसा संबंध नव्हता. शरीरातले पाणी धरून ठेवणारे संप्रेरक मद्यामुळे दबते, त्यामुळे रात्रभर लघवी होते आणि सकाळी पाणी कमी झाल्याने वजन उतरलेले दिसते. त्यानंतर रश्श्यातले आणि शेंगदाण्यांतले मीठ आणि भातातून शरीरात साठलेली साखर मिळून ते पाणी व्याजासह परत धरतात. तेव्हापासून मी पिण्याच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढतच नाही. माझे वजन गुरुवारी सकाळी होते, आठवड्यातून एकदा, आणि चार गुरुवारांची सरासरी काढल्याशिवाय मी त्याबद्दल कोणाशी बोलत नाही. रोज तीनदा वजन करून स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या तरुणांना हे पटत नाही. त्यांना चार दिवसांत निकाल हवा असतो आणि मग पाचव्या दिवशी ते कोणते तरी चूर्ण मागवतात.

उपाशीपोटी पिण्यात वजनापलीकडचाही धोका आहे. यकृत मद्य निकामी करण्यात गुंतलेले असताना रक्तातली साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांची साखर अशा वेळी धोकादायक पातळीपर्यंत, कधी कधी काही तासांनी, मध्यरात्रीही उतरू शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे ही त्याची लक्षणे भोवतालच्या मंडळींना दारू चढल्यासारखीच वाटतात आणि मंडळी त्या माणसाला झोपवून देतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही जास्त पिणे टाळावे. औषध कोणतेही चालू असो, घ्यावी की नाही आणि किती, हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारायचा. तलावावरच्या काकांना नव्हे.

यावर माझी सवय अशी की मी आधी जेवतो. शनिवारी संध्याकाळी साडेसातला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, काकडी, दही असे पूर्ण जेवण होते आणि साडेआठला पहिला स्मॉल. आपल्याकडे हे उफराटे समजले जाते. आधी बसायचे, मग चखना, मग अकरा वाजता तर्रीदार जेवण हाच शिष्टाचार आहे, आणि जेवून आलेल्या माणसाकडे मंडळी मौज बिघडवणारा म्हणून पाहतात. मला पहिले दोन महिने टोमणे खावे लागले. पण भरल्या पोटी मद्य सावकाश चढते, चखन्याकडे हात जात नाही आणि तिसऱ्या पेगची इच्छा होण्याआधी झोप येते. काटकसर करायचीच असेल तर त्या दिवशीच्या दुपारच्या जेवणातला भात आणि चहातली साखर काढावी. जेवणच काढू नये.

यात शरीराचा एक नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. मद्यार्क साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही, म्हणून यकृत इतर कामे बाजूला ठेवून आधी तो जाळते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. एक स्मॉल निकामी व्हायला ढोबळमानाने तासभर लागतो. चार लार्ज म्हणजे आठ तास. त्या आठ तासांत पोटात गेलेल्या तळणीच्या तेलाला साठ्यात जाण्यावाचून दुसरे काम नसते.

बाकीच्या चुका

कोला किंवा टॉनिक वॉटर मिसळणे : ३०० मिलिलिटर कोल्यात तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे दोन स्मॉलच्या बरोबरीच्या कॅलरी. साधा सोडा किंवा पाणी घ्यावे. ती चव सोसवत नसेल तर दारू आपल्यासाठी नाहीच, असे मी समजतो.

“बिअर हलकी असते” हा समज : ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअरची बाटली साडेतीनशे कॅलरींच्या वरच जाते, आणि एका बाटलीवर थांबलेला माणूस मी घोडबंदर रोडवर अजून पाहिलेला नाही.

“वाइन औषधी असते” हा समज : वाइनच्या दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि औषध म्हणून ती पिण्याबाबत वर जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे दिलेच आहे.

सकाळी लिंबूपाणी पिऊन ‘डिटॉक्स’ करणे : लिंबूपाणी तहान भागवते. यकृत आपले काम आपल्या गतीने करते आणि लिंबाला विचारत नाही.

रात्री पिऊन सकाळी दुप्पट व्यायाम करणे : पाणी कमी झालेल्या, झोप अर्धवट झालेल्या शरीराला जिममध्ये पिळून काढणे मला मूर्खपणाचे वाटते. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्रीची झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी वडापावची गाडी नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखी वाटते. मी रविवारी फक्त तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो, तेही उन्हे चढण्याआधी.

आठवडाभर काही नाही आणि शनिवारी सात : “सरासरी रोज एकच पडते” असे मला एका अभियंत्याने गणिताने सिद्ध करून दाखवले होते. हिशेबात ते बसते, यकृतात बसत नाही.

श्रावण पाळला म्हणून निश्चिंत होणे : श्रावणात वजन उतरते, हे खरे आहे. पण श्रावण पाळणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात गणेशविसर्जनानंतरची तारीख धरलेली असेल, तर त्याने सवय बदललेली नसते, पुढे ढकललेली असते. मला विचाराल तर महिनाभराच्या कडकडीत उपासापेक्षा वर्षभर मापात घेणे अवघड आहे, म्हणूनच ते कोणाला नको असते.

पिऊन गाडी चालवणे याचा वजनाशी संबंध नाही, तरी लिहितो : कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि “दोनच घेतल्या” हा बचाव श्वासाच्या यंत्राला ऐकू येत नाही. येऊरहून उतरताना रिक्षा सांगून ठेवावी.

तीन आठवडे काटा हलत नसेल तर

मी पुढील क्रमाने पाहतो. आधी बाटलीवरची तारीख. मग चखना, आणि तोही आठवणीने नव्हे, वजनकाट्यावर. माझ्याकडे बशीत काकडी, गाजर, भाजलेला पापड आणि मूठभर फुटाणे एवढेच असते. शेंगदाण्यांचा डबा त्या संध्याकाळी वरच्या फळीवर जातो, कारण समोर ठेवून न खाण्याइतका मी थोर नाही. मग आदल्या दिवशीचे आणि नंतरच्या दिवशीचे जेवण, कारण रविवारच्या नाश्त्याला मिसळ आणि दुपारी मटण आले असेल तर त्याचे खापर शनिवारच्या पेगवर फोडण्यात अर्थ नाही. हे तिन्ही ठीक असेल तर चार आठवडे काहीच न घेता राहून पाहतो. वजन उतरू लागले तर अडचण पेल्यात होती. नाही उतरले तर ती ताटात आहे आणि आहारतज्ज्ञांकडे जाण्यासारखी आहे.

या चार आठवड्यांच्या चाचणीत कधी कधी निराळीच गोष्ट उघडी पडते. दुसऱ्याच शनिवारी चिडचिड होणे, कारणे शोधणे, लपून घेणे, किंवा दोन ठरवून दरवेळी पाचावर थांबणे असे होत असेल तर प्रश्न वजनाचा उरलेला नाही. तिथे माझी वही आणि मार्कर निरुपयोगी आहेत. डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे, दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जावे. रोज भरपूर घेण्याची सवय जडलेल्याने वजनासाठी म्हणून एका सोमवारी अचानक सगळे बंद करणेही धोक्याचे असते, कारण त्यातून थरथर, भ्रम आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. अशा माणसाने ही चाचणी स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. बंद करण्याची तारीखसुद्धा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.